चालत्या गाडीत पाइप पाहणारे मनोहरराव

मनोहरराव सोनकुसरे यांना मी प्रथम पाहिले ते भर मे महिन्यात, दुपारी, जरीपटक्यातल्या एका गच्चीवर. डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून ते रबराचे काळे पाइप एकेक करून उलटत होते. खाली पत्र्याच्या शेडमध्ये मला सांगण्यात आले होते की मालक वर आहेत आणि मुलाखत वरच होईल. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाले होते आणि एका मुलींच्या शाळेत वर्षभर शिकवून कंटाळले होते. मुलाखतीसाठी म्हणून इस्त्रीची साडी नेसून गेले होते. गच्चीवर पाय ठेवताच चपलेतूनही चटका बसला.

शेजारच्या गच्चीवर कुरडयांचे वाळवण पसरलेले होते आणि छत्रीखाली बसून एक काकू ते राखत होत्या. मी पोचले तेव्हा त्यांचे आणि मनोहररावांचे भांडण रंगात आले होते.

"ओ भाऊ, तुमचे ते काळे साप तिकडं सरकवा ना. आमच्या कुरडयांले वास लागून राहिला."

"काकू, तुमच्या कुरडया तळून तरी खाता येतात. माझे पाइप इंजिनाले कच्चेच खा लागते. त्याईले ऊन जास्त पायजे."

मग ते माझ्याकडे वळले. नाव विचारले. मी सांगितले, कुमारी रामटेके, राहणार इंदोरा. त्या काळात हे आडनाव आणि हा पत्ता ऐकल्यावर पुढचा प्रश्न कोणता येतो हे मला पाठ होते. तो आला नाही. पुढचा प्रश्न रबरात गंधक जास्त झाले तर काय होते, हा होता. त्याचे उत्तर मी दिले. मग त्यांनी एक तापलेला पाइप माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "हा कशानं मरेल ते सांगा."

मी म्हणाले, हा कुठे बसतो ते कळल्याशिवाय सांगता येणार नाही. ते म्हणाले, "मग उद्यापासून या. कुठं बसतो ते दाखवतो."

मनोहररावांना यंदा साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांची जुनी सहकारी म्हणून मी लिहावे असा संपादकांचा आग्रह झाला. लेखात गुणांवर भर असावा असेही त्यांनी सुचवले. ती सूचना मी अंशतः पाळणार आहे. मनोहररावांनी त्यांच्या कोणत्याही मालाबद्दल फक्त चांगले ऐकून घेतल्याचे मला आठवत नाही. त्यांच्याबद्दलही तसे लिहिणे बरोबर होणार नाही.

वाचकांपैकी अनेकांनी गाडीचे बॉनेट कधी उघडून पाहिले नसेल, म्हणून थोडे सांगते. इंजिनाला पेट्रोल लागते तशी हवाही लागते. ती हवा एका डब्यातून गाळून घेतली जाते आणि त्या डब्यापासून कार्बोरेटरपर्यंत तिला एक नळी नेते. आमच्याकडे तिला हवेचा पाइप म्हणत. दिसायला ती किरकोळ वस्तू आहे. पण डबा गाडीच्या अंगाला घट्ट बांधलेला असतो आणि इंजिन आपल्या जागी सतत थरथरत असते, म्हणून ही नळी वाकणारी हवी. शेजारी तापलेले इंजिन असते, म्हणून ती उष्णता सोसणारी हवी. तेलाची वाफ लागते, म्हणून ती तेलाने फुगता कामा नये. आणि ती कुठे चिरली तर न गाळलेली धूळ सरळ इंजिनाच्या पोटात जाते. ही नळी कशाची करावी, या एका प्रश्नाला मनोहररावांनी उमेदीची बरीच वर्षे दिली. साठच्या दशकात असे सुटे भाग बाहेरगावाहून येत, महाग पडत आणि आमच्या उन्हाळ्यात टिकत नसत. ते नागपुरात बनले पाहिजेत, असा त्यांचा हट्ट होता.

त्यांची पद्धत सोपी होती. जे साहित्य वापरायचे त्याचे तुकडे आधी माझ्याकडे प्रयोगशाळेत यायचे. मी ते तेलात बुडवून ठेवायची, भट्टीत तापवायची, ताणून तोडायची. त्यातून उरलेले गच्चीवर जायचे आणि अख्खा उन्हाळा तिथे पडून राहायचे. पत्र्याची नळी कधी मऊ पडली नाही, पण गाडीला लावल्यावर थरथरीने सांध्याशी चिरली. प्लास्टिकची नळी एकाच उन्हाळ्यात कुत्र्याच्या जिभेसारखी लोंबली. नुसत्या रबराची नळी बरी होती, पण बसवताना तोंडावर लोखंडी पकड कसली की तिथेच फाटायची. शेवटी रबर आणि कापड यांची नळी ठरली. लोखंडी दांड्यावर रबराचा पातळ थर, त्यावर रबर चोपडलेले सुती कापड, पुन्हा रबर, पुन्हा कापड, असे पदर चढवायचे आणि वाफेवर शिजवायचे.

हे कापड उमरेडहून येई, मनोहररावांच्या वडिलांच्या मागावरून. सोनकुसऱ्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हातमाग होता. गिरण्यांच्या कापडापुढे लुगड्यांची मागणी घटली तेव्हा वडिलांच्या भावांनी दुसरी कामे धरली. वडिलांनी माग सोडला नाही. मनोहररावांनी त्यांच्याकडून घट्ट विणीचे जाड कापड विणून घ्यायला सुरुवात केली. ते कापड उत्तम होते. मी ते स्वतः ताणून पाहिले आहे, म्हणून सांगते.

नोकरीच्या पहिल्याच महिन्यात त्यांनी सर्व कामगारांसमोर एक नियम सांगितला. रामटेके बाईंनी नाकारलेला माल मालकालाही पास करता येणार नाही. हा नियम कोणाला आवडला नाही. त्यांचे भागीदार लछमनदासजी यांना तर मुळीच नाही. लछमनदासजींचे बाजारात सुट्या भागांचे दुकान होते, आणि माल वेळेवर पोचणे हाच मालाचा पहिला गुण, असे त्यांचे मत होते. मी एकदा रबराचा एक पूर्ण घाणा नाकारला तेव्हा ते मनोहररावांकडे गेले आणि म्हणाले, "मनोहरभाई, ये बाई को रखा है या थानेदार को?" मनोहररावांनी उत्तर दिले की थानेदार लाच घेतो, म्हणून बाई ठेवली आहे. घाणा फेकला गेला. लछमनदासजी तेव्हापासून मला थानेदार बाई म्हणू लागले आणि अजूनही म्हणतात. माझी त्याला हरकत नाही.

आता ज्या प्रसंगासाठी मी हा लेख लिहायचे कबूल केले, त्याकडे वळते.

सावनेरच्या पुढे एका कोळसा खाणीच्या जीपगाड्यांना आमचे हवेचे पाइप बसवण्यात आले. कारखान्याच्या दृष्टीने ती मोठी गोष्ट होती. त्यातली एक जीप खाणीतल्या जखमी माणसांना नागपूरच्या इस्पितळात पोचवण्यासाठी राखलेली होती. ती चालवणारे गुलाबराव एका उन्हाळ्यात सकाळीच आमच्या शेडच्या दाराशी येऊन उभे राहिले. चाळिशीचे, खाकी कपड्यातले, कोळशाची काजळी नखात कायमची बसलेले. हातात त्यांनी आमचा एक पाइप धरला होता.

त्यांचे म्हणणे असे होते. दुपारच्या वेळी खाणीतून वर येणाऱ्या चढावर गाडी अचानक दम तोडते. मेकॅनिकने पेट्रोलची नळी, कार्बोरेटर, प्लग सर्व तपासले; दोष सापडला नाही. असे बरेचदा झाले, आणि शेवटच्या वेळी मागे पाय मोडलेला एक मजूर होता. तो माणूस वाचला, पण तासभर उन्हात विव्हळत पडून राहिला. खाणीच्या वाहतूक अधिकाऱ्यांनी ठरवून टाकले की गुलाबराव पेट्रोल विकतात आणि टाकीत रॉकेल मिसळतात. त्यांना कामावरून काढण्याची नोटीस निघाली होती. गाडीत नवीन भाग म्हणावा तर आमचा पाइप तेवढा होता, म्हणून ते आले होते.

"चढावर पाय दाबला का गाडी गळा आवळल्यावाणी करते, साहेब. काळा धूर सोडते न् बसून जाते. मी उतरून बॉनेट उघडतो तं सारं ठीक. थोड्या वेळानं आपल्या आपन चालू होते. आता हे कोनाले सांगू? मी सोता ऐकलं असतं तं मीबी मनलं असतं, हा मानूस खोटा बोलून राहिला."

आम्ही पाइप पाहिला. गोल होता. चीर नाही, फुगवटा नाही, आत काही अडकलेले नाही. मी त्याचा तुकडा कापून तपासला. रबर ठरल्याप्रमाणेच होते. योगायोग असा की त्याच दिवशी खाणीच्या अधिकाऱ्यांचा निरोप आला. पाइप निर्दोष असल्याचे कारखान्याने लिहून द्यावे, म्हणजे ड्रायव्हरचे प्रकरण निकालात काढता येईल.

लछमनदासजींना यात विचार करण्यासारखे काही दिसले नाही. पाइप गोल आहे, फटा नहीं है, थानेदार बाईने पास केला आहे. लिखके दे दो, बात खतम. खरे सांगायचे तर असे लिहून दिले असते तर त्यातले एक अक्षरही खोटे ठरले नसते. मनोहररावांनी पाइप हातात फिरवून पाहिला. मग म्हणाले, "लछमनभाई, हा पाइप आता बसून आहे. बसलेला माणूस लंगडतो का ते कसं समजेल? मी चालत्या गाडीत पाहीन. मग लिहीन."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही खाणीवर होतो. मनोहररावांनी जीपचे बॉनेट पूर्ण काढून ठेवायला लावले. पुढची काच आडवी केली. मला गुलाबरावांच्या शेजारी बसवले आणि स्वतः पुढच्या मडगार्डवर बसले, एका हाताने गाडीला धरून आणि डोळे पाइपावर ठेवून. वयाच्या चाळिशीत, कारखान्याच्या मालकाने असे बसणे शोभणारे नव्हते, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी ऐकले नाही.

गाडी चढावर गेली. काही झाले नाही. खाली आणली, पुन्हा नेली. काही झाले नाही. इंजिन उत्तम चालत होते. गुलाबरावांचा चेहरा मला बाजूने दिसत होता. गाडी नीट चालली म्हणून रडवेला झालेला ड्रायव्हर मी एवढा एकच पाहिला.

"झालं," ते म्हणाले, "आता तं पुरावाच भेटला का मी खोटा."

मनोहरराव खाली उतरले. इंजिनावर हात धरून पाहिला आणि म्हणाले, "गुलाबराव, बॉनेट काढलं म्हणून याले हवा लागून राहिली. थंडं पडलं हे. पांघरूण आणा." खाणीतल्या रिकाम्या पोत्यांचा ढीग पडला होता. ती पोती त्यांनी इंजिनाभोवती दाबून बसवली. फक्त पाइप दिसेल एवढी फट ठेवली. मग गाडी सपाटीवर बराच वेळ फिरवून तापवायला सांगितली आणि पुन्हा मडगार्डवर चढले.

या वेळी चढाच्या मध्यावर गुलाबरावांनी पाय दाबला आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. चोखून टाकलेल्या आंब्याच्या सालीसारखा तो पाइप आत ओढला गेला आणि चपटा झाला. इंजिन घुसमटले, मागून काळा धूर निघाला, गाडी बंद पडली. ओढ थांबताच पाइप हळूहळू फुगत पुन्हा गोल झाला. गुलाबराव खाली उतरून समोर येईपर्यंत त्यात पाहण्यासारखे काही उरले नव्हते.

मनोहरराव हलले नाहीत. म्हणाले, "पुन्हा." पुन्हा तेच झाले. मग ते उतरले, दुपट्ट्याने तोंड पुसले आणि गुलाबरावांसमोर उभे राहिले.

"गुलाबराव, तुमची गाडी मीच बंद पाडून राहिलो होतो."

 गुलाबरावांनी एवढेच विचारले, "हे साहेबापुढं बोलान?"

"उद्या येतो आणि..."

"उद्या नोका म्हनू, साहेब. लोकं उद्या मनते न् घरी जाऊन इचार करते."

"मग आत्ताच चला," मनोहरराव म्हणाले. पोती तशीच ठेवून, तीच गाडी घेऊन आम्ही कचेरीवर गेलो.

अधिकाऱ्यांना उन्हात यायचे नव्हते. मनोहररावांनी त्यांना आणले. त्यांच्यासमोर गाडी पुन्हा चढावर नेली आणि आपलाच पाइप चपटा होताना त्यांना दाखवला. पाहुण्याला घर दाखवावे तितक्या शांतपणे. मग सांगितले की दोष पाइपाचा आहे, ड्रायव्हरचा नाही, पेट्रोलचाही नाही, आणि खाणीवरच्या सगळ्या गाड्यांतले आमचे पाइप आम्ही परत नेऊ.  अधिकारी म्हणाले की तरीही ड्रायव्हरने ही गोष्ट वेळीच लक्षात आणून द्यायला हवी होती.

गुलाबराव म्हणाले, "साहेब, आनूनच तं देत होतो. तुमी मले पेट्रोलचा वास घ्याले लावत होते."

नोटीस मागे घेतल्याचे अधिकाऱ्यांनी तोंडी सांगितले. मनोहरराव हात जोडून म्हणाले की कागद तयार होईपर्यंत आम्ही थांबतो, घाई नाही. ते व्हरांड्यातल्या बाकावर बसले. चहा आला, तो घेतला. पुन्हा चहा आला, तोही घेतला. कागद गुलाबरावांच्या हाती पडला आणि त्यांनी तो वाचून खिशात ठेवला, तेव्हाच मनोहरराव उठले. पुढे अनेकांनी मला विचारले की त्या दिवशी त्यांनी धीर कसा दाखवला. मला त्यांचा चढावरचा धीर फारसा आठवत नाही. मला तो बाक आठवतो.

 परतीच्या वाटेवर, सावनेर मागे पडल्यावर, मनोहरराव म्हणाले, "बाई, तुमच्या चाचण्या बरोबर होत्या. मी तुम्हांला विचारलंच चूक." ते खरे होते. आमचा कारखाना आधी रेडिएटरचे पाइप करत असे. त्यात गरम पाणी आतून बाहेर रेटते आणि कापड त्या रेट्याला बांधून धरते. हवेच्या पाइपात उलटे असते. इंजिन हवा आत ओढते. कापड ताण सोसते, पण आत मुडपायला ते कधीच नाही म्हणत नाही. म्हणून तर त्याची घडी होते. शहरात गाळणीचा डबा स्वच्छ असतो, ओढ कमी पडते आणि पाइप टिकून जातो. खाणीवर कोळशाच्या धुळीने डबा कोंडला, ओढ वाढली आणि उष्णतेने रबर मऊ झाले. ही चूक दुसऱ्या कोणाकडून झाली नसती. विणकराच्या घरातल्या माणसाचा कापडावर जितका विश्वास असतो तितका इतरांचा नसतो. आणि आम्ही नागपूरकर. उन्हाळा काढला की वस्तू पास, असे आम्हां सर्वांनाच वाटते. गच्चीवर पडलेल्या पाइपाला उन्हाने छळले होते, पण आतून कोणी ओढले नव्हते.

पाइप परत आणायला लछमनदासजी स्वतः ट्रक घेऊन गेले. जाताना मला म्हणाले, "थानेदार बाई, आपका साहब दुकान बंद करवाएगा." आणि परतल्यावर तेच बाजारात सांगत फिरले की आमचा माल आम्ही स्वतः पकडतो.

पुढच्या पाइपात कापडाच्या पदरांऐवजी पोलादी तारेचे वेटोळे आले, रबराच्या दोन थरांमध्ये, म्हणजे तार गंजत नाही आणि नळी आत दबत नाही. दोन्ही टोकांना तार नाही, तिथे पकड बसते. आतला थर तेलाने न फुगणाऱ्या कृत्रिम रबराचा केला. ते मिळवण्यासाठी काय यातायात केली ते लिहायला वेगळा लेख लागेल. आणि गच्चीवर ऊन खाल्लेल्या प्रत्येक नमुन्याची परीक्षा त्यानंतर चालत्या इंजिनावर, गाळणीचे तोंड मुद्दाम अर्धे बांधून, मनोहररावांच्या देखत होऊ लागली.

पण उमरेडला हे सांगायचे राहिले होते. ते सांगायला जाताना त्यांनी मला बरोबर नेले. नमुने दाखवायला, असे म्हणाले. मला वाटते एकट्याने जायचे धैर्य नव्हते. घरी पोचल्यावर त्यांच्या आईंनी मला घराणे विचारले. मी म्हणाले, आम्ही बौद्ध.  मनोहरराव तेव्हा माझ्याकडे पाहत नव्हते, आईंकडे पाहत होते. मग आई म्हणाल्या, "भाकर गरम हाये तं बसून जा ना वं बाई. थंडी झाल्यावर कोन खाते?" आम्ही सगळे एका ओळीत जेवलो.

जेवणानंतर मनोहररावांनी उभा कापलेला जुना पाइप वडिलांच्या हातात दिला आणि झालेली गोष्ट सांगितली. म्हाताऱ्यांनी कापडाचे पदर नखाने उकलून पाहिले.

"एक तरी धागा तुटला का गा याचा?"

"नाही बाबा. एकही नाही."

"मंग माझ्या कापडाले काहून नाव ठेवून राहिला?"

 वडील उठून मागावर जाऊन बसले. माग चालवला नाही, नुसते बसले. थोड्या वेळाने मनोहरराव त्यांच्याजवळ खाली बसले आणि म्हणाले की पाइप वाफेवर शिजवण्याआधी त्याला ओल्या कापडाची लांब पट्टी घट्ट गुंडाळावी लागते, नाहीतर रबर ओघळते. बाजारातल्या पट्टीची किनार जाड असते, तिचे वळ उठतात. सपाट किनारीची, वाफ सोसणारी पट्टी गिरणीत मिळत नाही. ती विणून हवी.

"म्हंजे गुंडाळाचं न् मंग काढून टाकाचं."

"हो. पण छाप राहते, बाबा."

वडिलांनी विचारले, पट्टी किती रुंद पाहिजे. मनोहररावांनी हाताची चार बोटे जुळवून दाखवली. वडिलांनी ती बोटे धरून आपल्या बोटांशी मापून पाहिली.

तेव्हापासून आजपर्यंत आमच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या प्रत्येक पाइपावर उमरेडच्या विणीची जाळी उमटलेली असते. वडील आता नाहीत. माग त्यांच्या पुतण्याकडे आहे.

वैयक्तिक जिव्हाळ्याबद्दलही लिहावे अशी प्रथा आहे. माझ्या मुलीच्या वेळी मला दिवस गेले तेव्हा मनोहररावांनी प्रयोगशाळा रबरात काजळी मिसळणाऱ्या यंत्रापासून शेडच्या दुसऱ्या टोकाला हलवली आणि तिथे खसचा कूलर बसवला. मला सांगितले की तुकड्यांच्या चाचणीला तापमान स्थिर लागते. मी रसायनशास्त्र शिकले आहे. कूलरने तापमान किती स्थिर राहते ते मला माहीत होते. मी फक्त विचारले की बॉयलरजवळच्या माणसांच्या तापमानाचे काय. पुढच्या आठवड्यात तिथेही कूलर आला. त्या माणसांनी त्याचे श्रेय मला दिले. ते चुकीचे आहे, म्हणून येथे दुरुस्त करते.

आता दोषांविषयी. मनोहरराव जेवायला कधीही वेळेवर येत नाहीत, आणि त्यांच्या पत्नी सुशीलाताई यांनी त्याबद्दल जितके सहन केले आहे तितके कोणत्याही रबराने केलेले नाही. ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात. जुना कोणताही पाइप त्यांना फेकवत नाही. गच्चीवर आता पाय ठेवायला जागा नाही आणि काकूंच्या सुनेने कुरडया घालणे सोडून दिले आहे. या साठीत त्यांनी निदान गच्ची तरी मोकळी करावी, अशी माझी लेखी सूचना आहे.

गुलाबराव गेल्या वर्षी खाणीतून सेवानिवृत्त झाले. मनोहररावांच्या साठीनिमित्तच्या सत्काराची तारीख ठरली तेव्हा ते मुद्दाम सावनेरहून आले आणि त्या दिवशी मनोहररावांना घरून सभागृहापर्यंत गाडीने आपणच आणणार, असे त्यांनी सत्कार समितीला बजावून सांगितले. समितीने मान्य केले. मनोहररावांनी अट घातली की निघण्यापूर्वी ते बॉनेट उघडून पाइप पाहतील.

गुलाबराव त्यांना म्हणाले, "पाहा ना, साहेब. पन गाडी चालू ठेवून पाहा. बंद गाडीत तुमाले काय दिसते?"

तेव्हा समारंभाला थोडा उशीर होईल, हे सर्वांनी गृहीत धरावे. मनोहररावांची प्रकृती उत्तम राहो. डॉक्टरांनी त्यांना उन्हात जाऊ नका असे सांगितले आहे आणि ते ऐकणार नाहीत. निदान डोक्याला दुपट्टा ओला करून बांधावा. अजून पुष्कळ उन्हाळे त्यांनी त्या गच्चीवर काढावेत, आणि आम्ही नाकारलेला माल मुकाट्याने फेकून देण्याची त्यांची जुनी सवय शंभरीपर्यंत टिकावी, एवढेच मागणे.